पेज, पाणी आणि पहारा

मार्च १९४६मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश मंत्रिमंडळाचं शिष्टमंडळ भारतात येऊन पोचलं. त्याच आठवड्यात गांधीजी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन या गावी मुक्कामाला होते आणि गावातल्या आजारी माणसांना तपासत होते. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गरिबांसाठी तिथेच सोय करावी, असा गांधीजींचा आधीचा विचार होता. पण खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहर गाठणार नाही, उपचारानेच त्याच्याकडे गेलं पाहिजे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी उरुळीची निवड केली. तिथले उपचार साधे होते : कोवळं ऊन, कटिस्नान, मातीची पट्टी, दूध, ताक, फळं, स्वच्छ पाणी आणि रामनाम. आठवडाभराने गांधीजी निघाले. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई मात्र मागे राहिले आणि त्यांनी आयुष्यभर त्या गावाला वाहून घेतलं. तो आश्रम आजही चालू आहे. गरिबातल्या गरीब माणसालाही परवडेल आणि स्वतःच्या हाताने करता येईल तोच उपचार खरा, ही उरुळीमागची भूमिका होती. त्या भूमिकेचं मोल आजही कमी झालेलं नाही. मात्र तिच्यातलं काय टिकलं आणि काय टिकलं नाही, याची तपासणी आपण पुरेशा गांभीर्याने केलेली नाही.

ही तपासणी करायला सर्वांत योग्य जागा म्हणजे घराघरांत येऊन जाणारे लहान मुदतीचे आजार : सर्दी-पडसं, खोकला, फ्लूसारखा ताप, जुलाब-उलट्या, साधी कावीळ. निसर्गोपचाराशी बहुतेकांची गाठ आश्रमात पडत नाही, ती अशा आजारपणात घरातच पडते. यातले बहुसंख्य आजार शरीर स्वतः बरे करतं आणि त्याला लागतं ते पाणी, पचेल असं अन्न, झोप आणि वेळ. इथपर्यंत निसर्गोपचाराचं म्हणणं खरं आहे आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनाने त्याला बळकटीच दिली आहे. पण शरीर आपोआप बरं होतं म्हणूनच त्या काळात केलेला कुठलाही उपाय गुणकारी वाटतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ येते आणि श्रेय कावळ्याला मिळतं. तेव्हा निसर्गावर विश्वास ठेवायचा तर त्याच्या जोडीला पहारा हवा. आपण कशाची वाट पाहतो आहोत, किती दिवस पाहणार आहोत आणि कुठली खूण दिसली की उठून दवाखाना गाठणार आहोत, हे आधी ठरलेलं हवं. पहाऱ्यावाचून केलेला निसर्गोपचार हे निव्वळ नशिबावर हवाला ठेवणं आहे.

आधी वेळेचं पाहू. साधं पडसं सात ते दहा दिवस टिकतं. खोकला मात्र लोकांच्या अंदाजापेक्षा बराच चिवट असतो. २०१३मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं की अशा आजारातला खोकला सरासरी अठरा दिवस राहतो, तर लोकांची अपेक्षा असते ती सात ते नऊ दिवसांची. या दोन आकड्यांमधल्या दरीत पुष्कळ अनर्थ घडतो. आठव्या दिवशीही खोकला आहे म्हणून माणूस घाबरतो आणि अँटिबायोटिक मागतो. ते घेतल्यावर आठवडाभराने, म्हणजे खोकला तसाही ओसरणार असतो तेव्हा, तो ओसरतो आणि पुढच्या वेळी तीच गोळी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सर्दी-पडशाचे विषाणू अँटिबायोटिकने मरत नाहीत. मात्र शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच हा इशारा दिला होता. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात साडेबारा लाखांहून अधिक माणसं दगावली, असा अंदाज आहे. रुग्णाला थांबायला शिकवणारी कुठलीही परंपरा या काळात मोलाची आहे आणि निसर्गोपचाराने ते शिकवलं आहे.

तापाबद्दलही निसर्गोपचारकांची मूळ समजूत बरोबर निघाली. ताप म्हणजे शरीराने आजाराविरुद्ध केलेली खटपट आहे, तो दिसताक्षणी दाबू नये, असं ते पूर्वीपासून सांगत आले. १९७५मध्ये अमेरिकेतल्या मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या सरड्यांवर एक प्रयोग केला. सरड्याला आपलं तापमान आतून वाढवता येत नाही. जंतुसंसर्ग झाल्यावर ज्यांना उबदार जागेत ठेवलं ते सरडे जास्त जगले आणि ज्यांना थंड जागेत ठेवलं ते जास्त मेले. माणसाच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग संसर्ग झाल्यावर शरीराच्या तापमानाची पातळी मुद्दाम वर नेतो. तेवढ्यासाठी आपल्याला थंडी वाजते, हुडहुडी भरते, पांघरूण हवंसं वाटतं. म्हणूनच तापलेल्या अंगावर गार पाणी किंवा बर्फ चोळण्याचा उपाय बहुधा उलटा पडतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कुडकुडणं वाढतं आणि शरीर आणखी उष्णता निर्माण करतं. मात्र तापाला मान द्यायचा म्हणजे रुग्णाला तळमळत ठेवायचं असं नाही. अंग ठणकत असेल, झोप लागत नसेल, पाणी पिववत नसेल, तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल देऊन त्याला आराम द्यावा. त्यात निसर्गाशी द्रोह नाही. आणि उष्माघात ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे शरीराची उष्णता आवरणारी यंत्रणाच कोलमडलेली असते, म्हणून मिनिटाचाही वेळ न दवडता अंग पाण्याने भिजवून वारा घालावा लागतो. दोन्हीकडे अंग सारखंच पोळत असतं, पण एकात पाणी ओतणं त्रासाचं ठरतं आणि दुसऱ्यात तेच जीव वाचवतं.

अन्नपाण्याच्या बाबतीत परंपरेचं पारडं कधी वर जातं, कधी खाली. आजारपणात भूक मंदावते. धडधाकट प्रौढ माणसाने एखादा दिवस फक्त पेज, कढण, ताक यांवर काढला तर बिघडत नाही. ‘लंघनं परमौषधम्’ हे वचन तेवढ्यापुरतं चालेल. पण तेच वचन जुलाब लागलेल्या बाळाला लावलं की ते घातक ठरतं. जुलाबात पोटाला विश्रांती म्हणून बाळाचं दूध आणि पाणी तोडण्याची चाल अनेक घरांत होती. बाळ जुलाबाने जात नाही, ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्याने जातं. १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या काळात सीमेवरच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांची पुडी बनवून ती पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावली. नातेवाइकांनीच रुग्णांना ते पाणी पाजलं. ज्या साथीत शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. यामागची यंत्रणा सोपी आहे. आतड्यात साखरेचा कण मिठाला आपल्याबरोबर आत घेऊन जातो आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. पटकीतही हे दार उघडंच राहतं. पातळ पेजेत मीठ घालून देणारी आजी नकळत हेच दार वापरत होती, कारण तांदळातल्या पिठाची आतड्यात साखरच होते. पेज देणारी आणि बाळाचं पाणी तोडणारी परंपरा एकच आहे. त्यातली पहिली रीत जपायची आणि दुसरी सोडून द्यायची. या मीठ-साखरेच्या पाण्यासोबत, म्हणजे जलसंजीवनीसोबत, बाळाचं अंगावरचं दूध आणि नेहमीचं मऊ अन्न चालू ठेवावं आणि दोन आठवडे झिंक द्यावं, हा आजचा जगभर मान्य असलेला सल्ला आहे.

विश्रांतीलाही हीच कसोटी लावायला हवी. अमेरिकेत शेल्डन कोहेन यांनी १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची नोंद ठेवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. हा प्रयोग २००९मध्ये प्रसिद्ध झाला. झोप ही चैन नसून शरीराच्या संरक्षणाचा भाग आहे, या म्हणण्याला त्याने आधार दिला. पण म्हणून प्रत्येक दुखण्यात अंथरूण धरणं योग्य ठरत नाही. अचानक कंबर धरली की आठ-आठ दिवस सपाट पडून राहायला सांगत असत. आता मात्र साध्या कंबरदुखीत जमेल तितकं हिंडतं-फिरतं राहणारा माणूस लवकर बरा होतो, हे पुरेसं सिद्ध झालं आहे. ‘नैसर्गिक’ वाटणारा उपाय खरोखर उपयोगी आहे की नाही, हे अंदाजाने ठरवता येत नाही. ते पाहावंच लागतं.

घरगुती उपायांची यादीही अशीच चाळून घ्यावी. खोकल्यावर चमचाभर मध देण्याला आज आधुनिक वैद्यकाचीही संमती आहे, ब्रिटनमधल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही तो सुचवलेला आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये, कारण मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घसा हलका होतो आणि त्यात धोका नाही. गवती चहा, आलं, सुंठ घातलेलं गरम पेय घशाला बरं वाटतं आणि पोटात पाणी जातं, तेवढं कारण पुरेसं आहे. त्याने विषाणू मरतो असं मात्र म्हणू नये. वाफाऱ्याने क्षणभर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण सर्दी लवकर बरी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजण्याचे प्रकार कोविडच्या काळात वाढले होते. कपाळावरच्या मातीच्या पट्टीने डोकं शांत वाटत असेल तर ती जरूर ठेवावी. परंतु जुलाब-उलट्यांनी शोषलेल्या माणसाला पोट साफ व्हावं म्हणून एनिमा देणं म्हणजे त्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी काढून घेणं आहे. जे निरुपद्रवी आहे आणि सुख देतं ते ठेवावं, ज्याने अपाय होतो ते निःसंकोच टाकावं.

पण खरी अडचण उपायांची नाही, श्रेयाची आहे आणि ती काविळीत सर्वांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात कावीळ ‘उतरवणारे’ गावोगाव आहेत. कोणी गळ्यात माळ घालतात, कोणी नाकात पाल्याचा रस पिळतात, कोणी हातावरून पिवळं पाणी काढून दाखवतात. त्यांच्याकडे जाऊन बरे झालेले शेकडो लोक साक्ष देतात आणि ती साक्ष खोटी नसते. दूषित पाण्यातून होणाऱ्या हेपेटायटिस ए या काविळीवर खास औषधच नाही. बहुतेक रुग्णांचं यकृत काही आठवड्यांत स्वतःच सावरतं. त्यामुळे माळ घातली तरी कावीळ जाते आणि न घातली तरी जाते. संकट येतं ते पिवळे डोळे दुसऱ्या कारणाने झालेले असतात तेव्हा. लेप्टोस्पायरोसिस, पित्तनलिकेत अडकलेला खडा, हेपेटायटिस बी, गरोदरपणातली हेपेटायटिस ई ही कावीळ, ही सारी कारणं बाहेरून एकसारखीच दिसतात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झालेली हेपेटायटिस ई कावीळ जिवावर बेतू शकते. माळ बांधून घालवलेले पंधरा दिवस तिला परत मिळत नाहीत. शंभर सोप्या आजारांत मिळालेलं श्रेय एकशे एकाव्या कठीण आजारात जीव घेतं.

निसर्गोपचाराच्या जुन्या सिद्धांतातला दोष इथेच उघडा पडतो. गांधीजींवर ज्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला त्या जर्मन लुई कुने यांनी एकोणिसाव्या शतकात असं मांडलं की सगळ्या रोगांचं मूळ एकच, शरीरात साठलेलं विजातीय द्रव्य, आणि म्हणून उपचारही मुळात एकच. ही मांडणी आकर्षक होती, कारण तिने सामान्य माणसाला वैद्याच्या परवानगीवाचून स्वतःची काळजी घ्यायचं बळ दिलं. पण रोग एकच मानला की निदानाची गरजच उरत नाही, आणि निदान नसेल तर पहारा कशावर ठेवणार? पावसाळ्यात आपल्याकडे येणारा ताप फ्लूचा असेल, डेंग्यूचा असेल, मलेरियाचा असेल किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्याने झालेला लेप्टोचा असेल. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोने अनेकांचे बळी घेतले, आणि त्यावर वेळेत मिळालं तर साधं, स्वस्त अँटिबायोटिक काम करतं. मलेरियाचा फॅल्सिपॅरम हा प्रकार काही दिवसांत मेंदूपर्यंत पोचतो. डेंग्यू तर वाट पाहणाऱ्याला फसवतोच. त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण नेमका तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी किंवा अस्वस्थपणा दिसला की तेव्हाच रुग्णालय गाठायचं असतं.

यावर कडवा निसर्गोपचारक म्हणेल की औषध घेतलं की शरीराची स्वतःची शक्ती खचते, म्हणून शेवटपर्यंत निसर्गावरच सोडावं. या आक्षेपाचं उत्तर गांधीजींच्याच चरित्रात आहे. जानेवारी १९२४मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यचिकित्सकाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा त्याने संपली नाही, बावीस वर्षांनी ते उरुळीला गेलेच. पू साठलेल्या आतड्याला मातीच्या पट्टीची मुदत देता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या देहावर मान्य केलं होतं. ससून आणि उरुळी यांच्यातलं अंतर तीसेक किलोमीटरच आहे. तो रस्ता दोन्ही बाजूंनी खुला राहिला पाहिजे.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप डॉक्टरांकडून येतो : आजार आपोआपच बरा होणार असेल तर निसर्गोपचार हवा कशाला? आपोआप बरं होणं आणि दुर्लक्षित पडून राहणं यांत फरक आहे, हे त्याचं उत्तर. बनगावला आतड्यांनी स्वतःला बरं केलं, पण तोवर कोणीतरी घोटाघोटाने पाणी पाजत बसलं होतं. शुश्रूषा हाच तिथला उपचार होता. आपल्या घरांत हे काम बहुतेक वेळा बाईकडे येतं आणि ते कोणी मोजत नाही. निसर्गोपचाराने या कामाला उपचाराचा दर्जा दिला, ही त्याची दुर्लक्षित राहिलेली देणगी आहे. ते काम घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावं, हा त्याचा पुढचा अर्थ झाला पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा आहे. विश्रांती घ्या हे सांगणं सोपं आहे, पण ऊसतोडीच्या फडात एक दिवस कोयता चालला नाही तर जोडप्याच्या हिशेबातून खाडा कापला जातो. असा माणूस दवाखान्यात येऊन सुई मारा, सलाईन लावा म्हणतो तेव्हा त्याला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. त्याला उद्या कामावर उभं राहायचं असतं. वास्तविक ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभर उष्मांक असतात. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला तेवढं गूळ घातलेल्या पेजेच्या वाटीतूनही मिळेल. पण बाटलीचे पैसे मोजून तो उपचार विकत घेत नाही, न मिळणारी सुट्टी भरून काढू पाहतो. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यावर उभ्या राहिलेल्या योजनेने विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम देऊ केली, पण शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बायका या छत्राखाली येत नाहीत. गरिबांचा उपचार म्हणून उरुळीत सुरू झालेली पद्धत आज सुट्टी आणि पैसा असलेल्यांनाच नीट पाळता येते. निसर्गोपचाराची खरी कळकळ असणाऱ्यांनी म्हणून मातीपाण्याइतकंच पगारी आजारी रजेसाठीही बोललं पाहिजे.

तोवर प्रत्येक घराला परवडेल अशी पहाऱ्याची साधनं दोन आहेत : एक थर्मामीटर आणि एक वही. आजार कुठल्या तारखेला सुरू झाला, ताप किती आणि केव्हा, पाणी किती गेलं, लघवी किती वेळा झाली, हे त्या वहीत लिहावं. पहिल्याच पानावर थांबण्याची हद्द आखावी : तीन दिवसांवर टिकलेला ताप, धाप, मान ताठरणं, शौचातून रक्त, सहा-आठ तास लघवी न होणं, मूल पाणी न पिणं किंवा जागं न होणं. तीन महिन्यांखालच्या बाळाला, गरोदर बाईला, मधुमेह्याला आणि वृद्धाला ही हद्दही लागू नाही, त्यांना ताप आला की लगेच दाखवावं. हद्दीच्या आत असेपर्यंत पेज, पाणी, झोप आणि धीर यांवर निश्चिंत मनाने भिस्त ठेवावी, बहुतेक वेळा तेवढ्यातच माणूस उठून बसेल. आणि हद्द ओलांडली तर तीच वही घेऊन दवाखान्यात जावं. घरी घालवलेले दिवस मग वाया गेलेले नसतील. डॉक्टरांना निदानासाठी जे हवं असतं, त्यातलं पुष्कळसं त्या पानांवर आधीच लिहिलेलं असेल.